ग्रुप राईडला निघण्याआधी: विमा, कागदपत्रं आणि रस्त्यावरची शिस्त

सायकल क्लबच्या तिसऱ्याच राईडला मी पडले. फेब्रुवारीतला रविवार होता. पुण्यातल्या चांदणी चौकातून पौडच्या दिशेनं आम्ही चौदा जण पहाटेच निघालो होतो. पिरंगुटचा घाट उतरून सपाटीला लागलो आणि पुढच्या सायकलस्वारानं गतिरोधक बघून ब्रेक दाबला. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि मी उजव्या खांद्यावर आदळले. कॉलर बोन मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि सहा आठवडे हलवायचा नाही म्हणून सांगितलं. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, म्हणून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. आणि दाखल झाले नाही म्हणून मेडिक्लेममधून एक रुपयाही मिळाला नाही. एक्स-रे, औषधं, पुढची फिजिओथेरपी असे तेवीस हजार रुपये घरातून गेले. मी दहावीच्या शिकवण्या घेते. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना दीड महिना मला फळ्यावर लिहिता आलं नाही, ते नुकसान वेगळंच. आणि मी समजत होते की क्लबची वर्षाची फी भरली म्हणजे त्यात विमा आलाच. ती फी जर्सीची आणि चहा-पोह्यांची होती.

तेव्हापासून पॉलिसीची पानं वाचायची मला सवय लागली. क्लबमधल्या दोघांच्या दाव्यांमागे मी स्वतः फिरले आहे. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं तोंडी सांगते, ते इथे एकदा नीट लिहून काढते आहे.

१. क्लबला आधी तीन प्रश्न विचारा

पहिला: क्लबनं राईडसाठी कुठला विमा उतरवला आहे का, आणि असेल तर पॉलिसीची प्रत बघायला मिळेल का? दुसरा: तो विमा दर रविवारच्या राईडला लागू आहे की फक्त वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाला? तिसरा: अपघात झाला तर थांबायचं कोणी, दवाखान्यात सोबत जायचं कोणी, हे ठरलेलं आहे का?

आपल्याकडचे बहुतेक क्लब म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि तीन-चार उत्साही माणसं. त्यात वाईट काही नाही, मीही अशाच क्लबात आहे. पण जिथे नोंदणीकृत संस्थाच नाही, तिथे संस्थेच्या नावानं विमाही नसतो. माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये सायकल चालवतो. तिकडे ब्रिटिश सायकलिंग किंवा सायकलिंग यूकेचं ठरावीक सदस्यत्व घेतलं की आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा सोबत येतो. त्याचं ऐकून माझा गैरसमज आणखी पक्का झाला होता.

इथे एक सापळा आहे. मोठ्या कार्यक्रमाच्या नोंदणीत ‘मी माझ्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ अशा मजकुरावर सही घेतात आणि त्याखाली कधीकधी ‘विमा समाविष्ट’ असंही लिहिलेलं असतं. ही सही म्हणजे विमा नव्हे. ती आयोजकाला वाचवण्यासाठी असते. ‘विमा समाविष्ट’ असेल तर रक्कम किती, कशासाठी आणि कोणत्या कंपनीचा, हे विचारून घ्या. बऱ्याचदा तो फक्त मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरता असतो.

२. घरातला मेडिक्लेम काढून वाचा

कपाटातली पॉलिसी बाहेर काढा. नोकरीतून मिळालेली असेल तर मनुष्यबळ विभागाकडून पूर्ण मजकूर मागवा, कारण नुसत्या कार्डावरून काही कळत नाही. त्यात चार गोष्टी बघा.

पहिली, साहसी खेळांचं कलम. नवे लोक इथेच घाबरतात: ‘अहो, सायकलिंग तर अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट, विमा मिळणारच नाही.’ विमा नियामकानं आरोग्य विम्यासाठी ठरवून दिलेल्या कलमाचे शब्द वाचा. धोकादायक किंवा साहसी खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यामुळे लागणारे उपचार वगळलेले आहेत. उदाहरणादाखल तिथे गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, स्कूबा डायव्हिंग वगैरे नावं दिली आहेत. रविवारी पानशेतपर्यंत जाऊन मिसळ खाऊन परतणारे तुम्ही-आम्ही व्यावसायिक नाही. दावा करताना कोणी हे कलम पुढे केलं तर हाच शब्द दाखवा.

दुसरी, चोवीस तासांची अट. ठरावीक डे-केअर उपचार, म्हणजे दाखल करून त्याच दिवशी घरी सोडतात असे उपचार सोडले, तर साध्या पॉलिसीत चोवीस तास दाखल असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. सायकलवरून पडल्यावर होणाऱ्या बऱ्याचशा दुखापती नेमक्या या अटीबाहेर पडतात: मनगट, कॉलर बोन, गुडघ्याची खरचट, चार टाके. प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी पाठवतात. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचा, म्हणजे ओपीडीचा भाग आहे का ते बघा.

तिसरी, दात. हँडलवरून पुढे फेकलं गेलं की समोरचे दात जातात. दातांचे उपचार एरवी वगळलेले असतात. अपघातामुळे करावे लागले आणि त्यासाठी दाखल व्हावं लागलं, तरच बहुतेक पॉलिसी ते मानतात.

चौथी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत, बिलातल्या इतर काही खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते. अपघाताच्या गडबडीत नातेवाईक मिळेल ती खोली घेतात, म्हणून हे घरच्यांनाही माहीत हवं.

एक दिलासाही आहे. नव्या पॉलिसीला आजारांसाठी सुरुवातीचे तीस दिवस थांबावं लागतं, अपघाताला ती अट नाही.

३. वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या

माझ्या मते सायकलस्वारासाठी हा कागद मेडिक्लेमइतकाच महत्त्वाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही आहे. यात दवाखान्याचं बिल बघत नाहीत, इजा काय झाली ते बघतात. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि कायमचं अंशतः अपंगत्व हे तीन भाग मूळ असतात. चौथा भाग मागून घ्यावा लागतो, तो म्हणजे तात्पुरतं पूर्ण अपंगत्व. तुम्ही काही आठवडे काम करू शकत नसाल तर दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. माझ्याकडे हा भाग असता तर ते सहा आठवडे तरी भरून निघाले असते. ज्यांचं पोट हातावर किंवा स्वतःच्या व्यवसायावर आहे, म्हणजे शिकवण्या, दुकान, वकिली, रिक्षा, त्यांनी तो घ्यायलाच हवा.

एजंटनं वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रकं समोर टाकली आणि गोंधळ उडाला, तर ‘सरल सुरक्षा बीमा’ मागा. नियामकानं ठरवून दिलेलं हे उत्पादन सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींवर मिळतं. विमा रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत घेता येते. आठवड्याची भरपाई आणि अपघातामुळे दाखल झाल्याचा खर्च हे त्यात ऐच्छिक भाग आहेत, त्यांवर खूण करायला विसरू नका.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना अनेकांच्या बँक खात्याला आधीच जोडलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपये पडतात आणि ते आपोआप कापले जातात. १ जून ते ३१ मे हा तिचा काळ. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, तर एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. मोडलेल्या हाडाला मात्र यात काही नाही. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे आहेत का आणि वारसाचं नाव बरोबर आहे का, एवढं पासबुकात बघा. दोन बँकांत खाती असली तरी योजनेचा लाभ एकाच खात्यावर मिळतो.

अपघात विम्यात हमखास येणारी अडचण शर्यतीची. शर्यत आणि तिचा सराव बहुतेक पॉलिसी वगळतात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं लांब अंतर एका दमात पूर्ण करायची राईड. तिला वेळेची मर्यादा असते, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, पण ती शर्यत नसते, तिथे क्रमांक लागत नाहीत. तरीही ब्रेव्हे करणार असाल तर कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटच्या तोंडी ‘हो, चालतं’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

४. मोटार गाडीनं उडवलं तर

इथे हिशोब बदलतो. मोटार वाहन कायद्यानं प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे, आणि सायकलस्वार म्हणजे तोच ‘तृतीय पक्ष’. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात झाला त्या भागातल्या किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, म्हणून हात बरा होईपर्यंत थांबू नका.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात जातो. शिवाय मे २०२५ पासून मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू झाली आहे. दाखल करताना रुग्णालयाला तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

या सगळ्याला पोलिसांची नोंद लागते. आणि नेमकं रस्त्यावर काय होतं? धडक देणारा हात जोडतो, ‘ताई, मिटवून टाकू, हे घ्या दोन हजार.’ आपल्यालाही घरी जायचं असतं. आमच्या एका मित्रानं असेच पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी कळलं की बरगडी मोडली आहे. ना गाडीचा नंबर होता, ना साक्षीदार. त्यामुळे पैसे घेऊ नका, आधी नंबर प्लेटचा फोटो घ्या.

५. आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर

सायकलला आपल्याकडे सक्तीचा विमा नाही. म्हणून एखाद्या आजोबांना तुमची धडक बसली तर खर्च तुमच्या खिशातून. घराच्या विम्याच्या काही पॉलिसींत आणि सायकलसाठी मिळणाऱ्या वेगळ्या पॉलिसींत असा दायित्वाचा भाग असतो, विचारून बघा. सायकल महाग असेल तर चोरीसाठीही तीच पॉलिसी उपयोगी पडते. खरेदीची पावती आणि फ्रेमच्या खाली, पेडलच्या दांड्यापाशी कोरलेला क्रमांक यांचा फोटो आजच काढून ठेवा.

६. आदल्या रात्रीची तयारी

सोबत असायलाच हवं:

- हेल्मेट. कायद्यानं सायकलला सक्ती नाही, आमच्या क्लबात आहे.
- पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही चार्ज केलेले. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट.
- जादा ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल.
- क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी.
- जर्सीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, घरच्या दोघांचे नंबर, मेडिक्लेमचा क्रमांक. फोन फुटतो किंवा कुलूपबंद राहतो, चिठ्ठीचं तसं होत नाही.
- आधार कार्डाची प्रत, हजारभर रुपये रोख.

घरी टेबलावर पॉलिसीची फाइल ठेवा आणि ती कुठे आहे हे घरच्यांना सांगा. क्लबच्या ग्रुपवर येणाऱ्यांची यादी टाकलेली असावी, म्हणजे परतताना कोण मागे राहिलं ते मोजता येतं.

७. रस्त्यावर

माझ्या पडण्यातून शिकलेली गोष्ट सर्वांत आधी. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही न्यायचं नाही. सायकल उभी राहते ती हँडलच्या बारीक हालचालींमुळे. पुढचं चाक कशाला टेकलं की त्या हालचाली बंद होतात आणि माणूस पडतो. पुढच्याला बहुतेक वेळा नुसता धक्का जाणवतो. मागून येणाऱ्यांचीच हाडं मोडतात. म्हणून सरळ रेषेत मागे राहा आणि सुरुवातीचे काही महिने किमान एका सायकलीचं अंतर ठेवा. घाट उतरताना ते चार-पाच सायकलींचं करा, मग तो दिवे घाट असो की बोपदेव.

रस्ता रिकामा असेल तरच दोघं शेजारी. मागून गाडी आली की एक रांग. गप्पांच्या नादात तिघं-चौघं आडवे जाणं हे आमच्याकडचं नेहमीचं भांडण आहे. ते फक्त धोक्याचं नाही. उद्या न्यायाधिकरणासमोर गेलात आणि तुमचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. अंधारात दिवा नसणं, उलट दिशेनं येणं यांवरही समोरचा वकील बोट ठेवतो.

ओरडून सांगायचं आणि ते मागे पोचवत न्यायचं: ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘खडी’, ‘गाडी मागे’, ‘स्लो’. लाजू नका. शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला पाहिजे. कानात इअरफोन घातलेल्याला आम्ही राईडला घेत नाही.

अगदी कडेला चिकटून चालवू नका. आपल्या रस्त्यांची साइडपट्टी खचलेली असते, डांबराची कड चार बोटं उंच असते आणि चाक खाली उतरलं की परत वर घेताना घसरतं. कडेपासून हातभर आत राहा.

ऋतूप्रमाणे धोके बदलतात. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा राप होतो, त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात. पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. पावसाळी शनिवार-रविवारी मुळशी आणि लोणावळ्याच्या रस्त्यांवर सहलीच्या गाड्या लोटतात, म्हणून आम्ही पहाटे पाचला निघून नऊपर्यंत परततो. पालखीच्या दिवसांत दिवे घाट टाळा. ऊस तोडणीच्या हंगामात पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, त्यांना बऱ्याचदा मागे लाल दिवाच नसतो आणि उभा असला तर अंधारात दिसत नाही. सोलापूर किंवा सातारा रस्त्याला गेलात तर उजाडल्यावर वेग वाढवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी आहे. कोणी हौसेनं तिकडे वळत असेल तर तुम्ही जाऊ नका.

कुत्री मागे लागली तर पळायचं नाही. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्री तिथेच गप्प होतात. चावलंच तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

८. अपघात झाल्यावर

आधी दोघं मागे जाऊन येणारी वाहनं थांबवतील, बाकीचे रस्त्याच्या बाहेर. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, शुद्ध हरपली असेल, तर उचलून बसवू नका आणि हेल्मेट ओढू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत असते. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा.

एकानं फक्त फोटो काढायचे: गाडीची नंबर प्लेट, सायकल पडली तशीच, रस्ता, खड्डा, साक्षीदारांचे नंबर. जीपीएसवरची राईडची नोंद पुसू नका, वेळ आणि जागा तिथे असते. वाटसरू मदत करायला कचरत असेल तर त्याला सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

दवाखान्यात गेल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती इथे. पोलिसांची कटकट नको म्हणून लोक सांगतात, ‘घरात जिन्यावरून पडलो.’ ते केस पेपरवर लिहिलं जातं. नंतर विम्याच्या अर्जात सायकल अपघात लिहिला की दोन कागद जुळत नाहीत आणि दावा अडकतो. जे झालं तेच सांगा: कुठे, किती वाजता, कशामुळे. डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतील, म्हणजे पोलिसांकडे आपोआप नोंद जाईल. स्वतःच घसरून पडला असाल तरीही हाडाला इजा असल्यास जवळच्या ठाण्यात साधी नोंद करून तिची प्रत घ्या. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवलं, तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथेच नोंदवायची फिर्याद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ती तरतूद स्पष्ट लिहिलेली आहे.

९. दाव्याचे कागद

विमा कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेला, चोवीस तासांच्या आत कळवा, नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. मग हे गोळा करा:

- केस पेपर, एमएलसीची प्रत, डिस्चार्ज कार्ड.
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, नुसते अहवाल पुरत नाहीत.
- नंबर असलेली छापील बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या. कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा चालत नाही.
- एफआयआर, पंचनामा.
- आठवड्याच्या भरपाईसाठी डॉक्टरांचं ‘अमुक तारखेपर्यंत कामास अयोग्य’ आणि नंतर ‘कामास योग्य’ असं प्रमाणपत्र, शिवाय उत्पन्नाचा पुरावा. शिकवण्या घेणाऱ्यांनी आयकर विवरणपत्र भरलेलं असणं इथे कामाला येतं.
- प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेसाठी बँकेतला अर्ज, शक्यतो तीस दिवसांच्या आत.

मोटारीच्या धडकेत सायकल मोडली असेल तर पंचनामा आणि फोटो होईपर्यंत ती दुरुस्तीला टाकू नका, तिचं नुकसानही दाव्यात मागता येतं.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे अर्ज करा, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांना फी नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आमच्या क्लबातल्या एका काकूंच्या मनगटाच्या शस्त्रक्रियेचा दावा ‘साहसी खेळ’ म्हणून फेटाळला गेला होता. आम्ही कलमातल्या ‘व्यावसायिक म्हणून’ या शब्दांखाली रेघ मारून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिलं. पाचव्या आठवड्यात पैसे जमा झाले, लोकपालांपर्यंत जावंच लागलं नाही.

आणि पडताना डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट पुन्हा घालू नका, वरून तडा दिसत नसला तरी. आतला फोम एकदा दबला की दुसरा मार सोसत नाही. त्याचा फोटो दाव्याच्या फाइलीत लावा आणि पुढच्या राईडच्या आधी नवं घ्या.